आंत्वानेतचा कर्ता



इंग्लिश खाडी विमानातून प्रथम कोणी ओलांडली असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी पुष्कळजण लुई ब्लेरिओ हे नाव चटकन सांगतील. शालेय पुस्तकांनी ते आपल्या तोंडी चांगलेच बसवले आहे. आपल्या मुंबईच्या विमानवाहतुकीचा उगम शोधू गेले तरी वाटेत हा गृहस्थ भेटतोच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्दलो नावाचे गाव आहे. तेथे टाटा कुटुंबाचे घर होते आणि जवळच ब्लेरिओचेही होते. तेथील वाळूवर उतरणारी विमाने पाहून लहानग्या जहांगीर टाटांना विमानाचे वेड लागले, आणि पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः विमान चालवीत जुहूच्या मैदानावर उतरले. कीर्ती अशी एका नावाभोवती जमत जाते.

परंतु ज्या पहाटे ब्लेरिओने खाडी ओलांडली, त्या २५ जुलै १९०९ च्या पहाटे, त्याच किनाऱ्यावर, काही मैलांच्या अंतरावर दुसरे एक विमान सज्ज होऊन उभे होते. ते ब्लेरिओच्या विमानाहून मोठे होते, अधिक बळकट एंजिनाचे होते, आणि देखणेपणात तर त्या काळच्या कोणत्याही विमानाने त्याच्या शेजारी उभे राहू नये असे होते. त्याचे नाव 'आंत्वानेत'; आणि ते ज्याच्या बुद्धीतून उतरले त्या मनुष्याचे नाव लेओं लव्हाव्हासर. नाव उच्चारावयास अवघड आहे खरे. त्याच्या विस्मृतीचे तेही एक कारण असेल की काय, असे मला कधी कधी वाटते.

लव्हाव्हासरचा जन्म १८६३ साली नॉर्मंडी प्रांतात, शेरबूर बंदराजवळच्या एका लहान गावी झाला. तरुणपणी तो पॅरिसला आला तो चित्रकला शिकण्यासाठी. यंत्रांकडे तो वळला तो नंतर. पण एकदा वळल्यावर कुंचला मागे पडला तो पडलाच. विजेचे दिवे, पेट्रोलवर चालणारी एंजिने, यांत तो रमला. त्याची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत दाढी राखलेला, डोक्यावर दर्यावर्दी माणसासारखी टोपी घातलेला एक प्रौढ गृहस्थ दिसतो. विमानशास्त्रज्ञापेक्षा एखाद्या गलबताचा तांडेलच तो अधिक वाटतो. पुढे त्याने जी विमाने बांधली त्यांच्याकडे पाहिले म्हणजे ही टोपी अगदीच अस्थानी नव्हती, हे ध्यानात येते.

आता १९०२ सालची स्थिती लक्षात घ्या. पंख कसे असावेत याविषयी मनुष्याला थोडेफार ज्ञान झाले होते. लिलिएंथाल नावाच्या जर्मन साहसी पुरुषाने टेकडीवरून हजारो वेळा तरंगत उतरून दाखवले होते आणि त्यातच प्राण गमावले होते. खरी अडचण बळाची होती. वाफेचे यंत्र जड. मोटारगाडीचे एंजिन त्याहून हलके, तरी पंखांना न पेलणारे. लव्हाव्हासरने नेमके हेच हेरले. आधी पुरेसे हलके आणि पुरेसे समर्थ एंजिन बनवावे, विमान मागाहून येईल, असा त्याचा विचार होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने हा विचार ज्यूल गास्तांबीद या धनिकापुढे मांडला. गास्तांबीद यांचे अल्जीरियात वीज उत्पन्न करण्याचे केंद्र होते आणि लव्हाव्हासर तेथे त्यांचे काम करीत असे. भांडवल मागताना या चतुर गृहस्थाने असेही सुचवले, की एंजिनाला आपल्या कन्येचे नाव द्यावे. कन्येचे नाव आंत्वानेत. कोणत्या बापाचे मन विरघळणार नाही? त्याच सुमारास येलिनेक नावाच्या दुसऱ्या एका धनिकाच्या मुलीचे नाव जर्मन मोटारीला मिळाले होते. त्या मुलीचे नाव मर्सेडिस. एका मुलीचे नाव आज जगातील प्रत्येक शहराच्या रस्त्यावर फिरते आहे. दुसरीचे नाव सांगण्यासाठी हे भाषण करावे लागत आहे.

त्या एंजिनाची रचना थोडक्यात सांगतो. एंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण ज्या नळकांड्यांत पेटते, त्यांना सिलिंडर म्हणतात. लव्हाव्हासरने आठ सिलिंडर घेतले आणि ते एका रांगेत न मांडता, पुस्तक अर्धवट उघडून उपडे न ठेवता उभे धरावे तसे, चार-चारांच्या दोन तिरक्या ओळींत मांडले. यामुळे मधला दांडा आखूड झाला, आखूड झाल्यामुळे हलका झाला. आणि आठ ठिणग्या पाठोपाठ पडत असल्याने हिसके कमी होऊन, गती सारखी राखण्यासाठी लागणारे जड चाक अनावश्यक ठरले. या मांडणीचे पेटंट त्याने १९०२ सालीच घेतले. आज महागड्या मोटारींच्या जाहिरातीत आठ सिलिंडरच्या ज्या मांडणीचा अभिमानाने उल्लेख असतो, ती हीच.

फरक किती पडला, ते आकड्यांनी पाहा. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्या यंत्राच्या बळावर पहिले उड्डाण केले, ते सुमारे ८० किलो वजनाचे असून १२ अश्वशक्तीचे होते. लव्हाव्हासरचे ५० अश्वशक्तीचे आंत्वानेत एंजिन सुमारे ९५ किलो भरे. वजन थोडेसे अधिक, बळ चौपट.

ही एंजिने आधी आकाशात नव्हे, तर पाण्यावर गाजली. शर्यतीच्या मोटारबोटींत ती बसवली गेली आणि १९०४ च्या सुमारास युरोपातील बहुतेक पारितोषिके अशा बोटींनीच पटकावली. मधल्या काळात, १९०३ साली, लव्हाव्हासरने स्वतः एक पक्ष्याच्या आकाराचे विमान बांधून पाहिले; ते उडाले नाही. मग ते बाजूला ठेवून तो एंजिने विकण्याच्या उद्योगाला लागला. १९०६ साली आंत्वानेत कंपनीची रीतसर स्थापना झाली. तिचा उपाध्यक्ष कोण होता म्हणाल, तर खुद्द लुई ब्लेरिओ!

यानंतर जे घडले ते विमानविद्येच्या कोणत्याही इतिहासात आपल्याला वाचावयास मिळेल. फक्त तेथे नावे दुसऱ्यांची असतात. १२ नोव्हेंबर १९०६ रोजी पॅरिसच्या बागातेल मैदानावर सांतोस-ड्यूमाँ या ब्राझीलच्या हौशी गृहस्थाने २२० मीटर उड्डाण केले आणि सारे युरोप थक्क झाले. एंजिन आंत्वानेत. १३ जानेवारी १९०८ रोजी आंरी फार्मन याने एक किलोमीटरचा फेरा पुरा करून सुटल्या जागी परत येऊन दाखवले आणि ५०,००० फ्रँकचे पारितोषिक मिळवले. विमान व्हॉझँ बंधूंचे, एंजिन आंत्वानेत. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला फार्नबरो येथे कोडी याने इंग्लंडच्या भूमीवरून पहिले उड्डाण केले. एंजिन पुन्हा आंत्वानेतच. पोल कॉर्न्यू नावाच्या सायकलवाल्याने १९०७ साली सरळ वर चढणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ज्याला पुढे हेलिकॉप्टर म्हणू लागले त्याचा, प्रयोग केला, त्यातही हेच. ब्लेरिओने १९०८ च्या ऑक्टोबरअखेर एका गावाहून दुसऱ्या गावी उड्डाण केले, तेही याच एंजिनावर. युरोपला पंख अनेकांनी दिले असतील, पण त्या पंखांत बळ भरले ते बहुतांशी एकाच मनुष्याने. टाळ्या मात्र नेहमी चालकाच्या वाट्याला येतात. लव्हाव्हासरने कधी याबद्दल तक्रार केली की नाही न कळे. मात्र १९०८ साली त्याच्या कंपनीने ठरवले, की आता आपले विमानही आपणच बांधावयाचे. ब्लेरिओ कंपनीतून बाहेर पडला. कालचा सहकारी आज प्रतिस्पर्धी झाला.

आणि विमान त्याने बांधले ते कसे! त्या काळची इतर विमाने म्हणजे बांबू, तारा आणि कापड यांचे उघडे सांगाडे. एखाद्या मांडवाला वारा लागून तो उडू पाहत आहे असे वाटावे. आंत्वानेतचे धड मात्र शर्यतीच्या लांब होडीसारखे निमुळते होते आणि पुढचा भाग तर होडीप्रमाणेच पातळ फळ्यांनी मढवलेला. दोन्ही बाजूंना एकेक लांबरुंद पंख. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १३ मीटर. शेपटी बाणाच्या पिसाऱ्यासारखी. मोटारबोटींच्या सहवासात घालवलेली वर्षे आणि तारुण्यातील चित्रकलेचा अभ्यास, दोन्ही तेथे एकत्र आलेली दिसतात.

चालवावयास मात्र ते सोपे नव्हते. चालकाच्या दोन्ही हातांशी एकेक चाक असे. एका चाकाने विमानाचे नाक वर-खाली करावयाचे, दुसऱ्याने पंखांना पीळ देऊन तोल सांभाळावयाचा, आणि पायांनी सुकाणू. उजवा हात, डावा हात आणि पाय यांना तीन वेगवेगळी कामे! तबल्यावर बसलेल्या नवशिक्याची आठवण व्हावी. हे शिकवण्यासाठी मूर्मेलाँ येथील आंत्वानेतच्या शाळेत एक गमतीचे साधन केले होते. लाकडी पिंप मधोमध कापून त्याचे दोन अर्धे भाग एकावर एक असे बसवले होते, की वरचा भाग सर्व बाजूंना डुलावा. वरच्या भागात विद्यार्थ्याला बसवावयाचे, त्याच्या हाताशी विमानातल्यासारखी दोन चाके द्यावयाची, आणि इतरांनी ते पिंप हवे तसे हालवावयाचे. विद्यार्थ्याने चाके फिरवून समोरची दांडी क्षितिजाशी समांतर आणावयाची. आज कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या खोल्यांत वैमानिकांना जमिनीवरच उड्डाणाचे शिक्षण दिले जाते. त्या खोल्यांचा पूर्वज हे पिंप होय.

या विमानाला चालकही त्याला शोभेलसा मिळाला. ह्यूबर्ट लॅथम हा श्रीमंत, सडपातळ, अबोल तरुण १९०९ च्या आरंभी उडावयास शिकू लागला आणि जूनमध्ये तो तासाहून अधिक काळ हवेत राहून दाखवत होता. 'डेली मेल' पत्राने खाडी ओलांडणाऱ्यास १००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. ते लॅथमच मिळवणार, याविषयी फारशी कोणाला शंका नव्हती.

१९ जुलैच्या सकाळी सांगातजवळच्या कड्यावरून लॅथमने उड्डाण केले. मागोमाग 'आर्पाँ' नावाचे फ्रेंच लढाऊ जहाज होते. किनाऱ्यापासून आठ मैलांच्या आसपास गेल्यावर एंजिन अडखळले आणि बंद पडले. लॅथमने विमान अलगद समुद्राच्या पाठीवर उतरवले. जहाज जवळ आले तेव्हा हा गृहस्थ तरंगत्या विमानावर पाय वर घेऊन सिगारेट ओढीत बसला होता! समुद्रावर विमान उतरवण्याचा तो जगातील पहिला प्रसंग. पण पाण्यातून वर काढताना विमानाची नासधूस झाली आणि दुसरे विमान येईपर्यंत थांबणे भाग पडले.

एंजिन का थांबले? येथे मला जरा मागे जाऊन सांगितले पाहिजे. इतर एंजिनांत पेट्रोल आणि हवा मिसळण्याचे काम कार्बुरेटर करी. लव्हाव्हासरला ते ओबडधोबड वाटे. त्याने कार्बुरेटर काढून टाकला आणि एका लहानशा पंपाने मोजके पेट्रोल प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी सोडण्याची योजना केली. एंजिन थंड ठेवण्याची रीतही त्याची निराळीच. पाणी नुसते फिरवण्याऐवजी ते उकळू द्यावयाचे, वाफ धडाच्या बाजूंवर बसवलेल्या बारीक नळ्यांत नेऊन निववावयाची, आणि झालेले पाणी परत एंजिनाकडे. यामुळे थोड्या पाण्यात काम भागे आणि वजन वाचे. कल्पना दोन्ही निर्दोष. परंतु मोजके पेट्रोल सोडावयाचे म्हणजे छिद्रे अतिसूक्ष्म हवीत, आणि १९०९ चे पेट्रोल काही गंगाजळ नव्हते. त्यातील कचऱ्याचा एखादा कण अडकला की सिलिंडर उपाशी. ज्या एंजिनाने सांतोस-ड्यूमाँला एकवीस सेकंद उचलून धरले, ते एका तासाच्या कसोटीला उतरेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नसे. ब्लेरिओने आपल्या नव्या विमानासाठी निवडले ते आंझानीचे एंजिन तीनच सिलिंडरचे, जेमतेम २५ अश्वशक्तीचे, चालकाच्या तोंडावर तेल उडवणारे. आंझानी मोटारसायकलींची एंजिने बनवीत असे. पण ते चालत राही.

२५ तारखेची पहाट उजाडण्यापूर्वी वारा पडला होता. सांगातच्या छावणीत हवेचा अंदाज घेण्याचे काम लव्हाव्हासरकडे होते. अपरात्री उठून पाहिले तेव्हा हवा त्याला उड्डाणायोग्य वाटली नाही आणि लॅथमला त्याने झोपू दिले, असे त्या दिवसाच्या वृत्तांतांत येते. ४ वाजून ४१ मिनिटांनी ब्लेरिओ निघाला. छावणी खडबडून जागी झाली तोवर उशीर झाला होता. विमान बाहेर काढीपर्यंत वारा पुन्हा उठला. सदतीस मिनिटांच्या आत ब्लेरिओ डोव्हरच्या किल्ल्याशेजारच्या गवतात उतरला होता. दोनच दिवसांनी लॅथमने पुन्हा प्रयत्न केला. डोव्हरचे कडे समोर दिसत असताना, किनारा सुमारे मैलभर उरला असताना, एंजिन पुन्हा थांबले.

काही लेखक या प्रसंगावर थांबून लव्हाव्हासरला दुर्दैवी म्हणतात. मला हे पुरते पटत नाही. दैवाचा भाग होताच. पण एकदा नव्हे, दोनदा एंजिन समुद्रावर थांबते, तेव्हा दोष दैवाच्या पदरी किती घालावा? लव्हाव्हासरची बुद्धी नव्या कल्पनेवर इतकी लुब्ध होती, की जुनी कल्पना झिजवून झिजवून खात्रीची करण्याचे रटाळ काम तिला मानवत नसे. कार्बुरेटर ओबडधोबड होता हे खरे, पण खाडी ओलांडण्यास ओबडधोबडच पुरे होते.

विमान मात्र उत्तम होते, हे महिनाभरात सिद्ध झाले. ऑगस्टमध्ये रँस येथे जगातील पहिला मोठा विमानमेळावा भरला. त्यात उंचीचे पारितोषिक लॅथमने आंत्वानेतवर १५५ मीटर चढून मिळवले, आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धेत दीडशे किलोमीटरवर मजल मारून दुसरा क्रमांक. पहिला क्रमांक फार्मनचा. त्याच्या विमानात 'नोम' नावाचे नवे एंजिन होते. सेगँ बंधूंचे हे एंजिन पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरे आणि फिरता फिरता वाऱ्याने थंड होई. पाणी नको, नळ्या नकोत. आंत्वानेत एंजिनाचे राज्य तेथेच संपले, असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतरही लॅथमने ऑक्टोबरात ब्लॅकपूल येथे वादळी वाऱ्यात उडून लोकांचे श्वास रोखले, १९१० च्या जानेवारीत हजार मीटरची उंची गाठली. परंतु गिऱ्हाईक नोमकडे वळले ते वळलेच. कंपनीतही धुसफूस सुरू झाली होती. १९०९ च्या अखेरीस लव्हाव्हासर आणि गास्तांबीद दोघेही बाहेर पडले आणि काही महिन्यांनी परतले.

१९११ साली फ्रेंच सैन्याने लष्करी विमानांची स्पर्धा जाहीर केली. लव्हाव्हासरने तिच्यासाठी जे विमान बांधले त्याची चित्रे पाहिली म्हणजे हे १९११ सालचे आहे यावर विश्वास बसत नाही. पंखांना बाहेरून आधार देणारी एकही तार नाही, एकही दांडा नाही. सारे बळ जाड पंखाच्या पोटात. चाकांवर आच्छादन, तीन माणसे धडाच्या आत झाकलेली. वीस वर्षांनंतरचे विमान जणू वाट चुकून आधी आले होते. पण वजन साडेतेराशे किलो आणि एंजिन साठ अश्वशक्तीचे. ते जमिनीवरून धावले. उडाले म्हणण्याजोगे उडालेच नाही. हलक्या एंजिनाशिवाय विमान नाही हे ज्याने सर्वांआधी ओळखले, त्याचेच शेवटचे मोठे विमान एंजिनाच्या दुर्बलतेने जमिनीला खिळले. त्यानंतर कंपनीचे दिवाळे निघावयास वेळ लागला नाही. लॅथम १९१२ साली आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतीत शिकारीच्या सफरीवर असता मरण पावला.

तारांवाचून उभे राहणारे पंख १९१५ साली जर्मनीत युंकर्सने करून दाखवले. एंजिनात पंपाने पेट्रोल सोडण्याची कल्पना तीस वर्षांनी, सुधारलेल्या रूपात, जर्मन लढाऊ विमानांत आली; १९४० च्या लढाईत विमानाने एकाएकी नाक खाली घातले की कार्बुरेटरवाल्या इंग्रज विमानांचे एंजिन क्षणभर गुदमरे, जर्मनांचे गुदमरत नसे. वाफेच्या रीतीने एंजिन थंड करण्याचा प्रयोग रोल्स-रॉइससारख्या कंपनीने १९३० नंतर पुन्हा करून पाहिला आणि सोडून दिला. तेव्हा लव्हाव्हासरच्या सर्वच कल्पना काळाने उचलून धरल्या असेही नव्हे.

पुढे त्याने पंखांचा विस्तार उड्डाणात कमी-अधिक करता येईल असे एक विमान योजले. उतरताना पंख मोठे, वेगाने जाताना लहान. सुरक्षिततेसाठी त्याला पारितोषिकही मिळाले, पण कारखान्यात ते कधी गेले नाही. १९२२ च्या फेब्रुवारीत लेओं लव्हाव्हासर दारिद्र्यात वारला. त्या वेळी पॅरिस आणि लंडन यांच्या दरम्यान प्रवाशांना घेऊन विमाने नित्य खाडी ओलांडीत होती.

पॅरिसजवळ ल बूर्जे येथे विमानांचे मोठे संग्रहालय आहे. तेथे आंत्वानेत जातीचे एक विमान अजून जपून ठेवले आहे. होडीसारखे ते लांब धड, बाजूंच्या त्या नळ्या आणि चालकाच्या दोन्ही हातांशी असलेली ती दोन चाके तेथे जाणाऱ्यास आजही पाहावयास मिळतात.